तळी खाली ठेवायची नाही

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका. ज्याने मला सांगितली त्याने दार नीट लागलंय का ते बघून, आवाज खाली आणून सांगितली. मी तर ती तुम्हाला दिवसाउजेडी सांगतोय, तरीही जरा जवळ सरकून बसा.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाभोवती दगडी गावकूस होतं आणि आत-बाहेर जायला एकच वेस. वेशीच्या दाराला सागाचा अडसर होता, एकट्यादुकट्याला न हलणारा, दोघांनी मिळून उचलायचा. वेशीबाहेर खिंडीपर्यंत नुसतं रान होतं आणि रानात लांडगे होते. लांडगे खरेच होते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर शेवटी तुम्ही म्हणाल, गाव उगाचच भीत होतं.

त्या गावाची कारभारी निवडायची रीत वेगळी होती. सुगी घरात आली की सगळे चावडीपुढे जमायचे. पितळेच्या मोठ्या तळीत खोबरं, भंडारा आणि विड्याची पानं मांडायची. ज्याला कारभारी करायचं त्याच्या नावाने पाच घरांतल्या पाच जणांनी हात लावून ती तळी कपाळापर्यंत उचलायची, आणि गावाने त्याच्या नावाचा गजर करायचा. आपण हल्ली कुणालाही सहज म्हणतो, 'तू काय त्याची तळी उचलतोस?' त्या गावात तळी खरोखर उचलावी लागायची आणि ती चांगली जड होती.

तळी तीनदा उचलायची. म्हणजे मधे दोनदा ती खाली घोंगडीवर ठेवावी लागायची. ती खाली असेपर्यंत गावातल्या कुणीही, अगदी म्हाताऱ्याकोताऱ्यानेही, पुढे येऊन विचारावं, "घर राखलंस का? वाट राखलीस का?" उत्तर पटलं तर पाच हात पुन्हा लागायचे. नाही पटलं तर तळी तिथेच राहायची. वाडवडिलांनी घालून दिलेली ही रीत मोठी शहाणपणाची होती, पण शहाणपण सांभाळायलाही माणसं लागतात.

एका हिवाळ्यात दिवेलागणीला वेस उघडी राहिली आणि लांडगा आत आला. वेशीजवळच्या कुंभारणीची रांगती पोर अंगणात खेळत होती. लांडग्याने तिचा खांदा तोंडात धरला आणि तो वेशीकडे पळाला. ओरडले सगळेच, पण धावला एकटा एक तरणा गडी. त्याने सरळ लांडग्याच्या जबड्यात हात घातला, पोर ओढून काढली, लाथ घालून लांडगा बाहेर लोटला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. पोर वाचली. तिच्या खांद्यावर दातांचा अर्धगोल व्रण राहिला, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या सुगीला त्याच्या नावाची तळी पिसासारखी वर गेली. पहिला हात कुंभारणीचा होता. नवरा आधीच वारलेला, पदरात ती एकुलती एक तानी. "माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी ह्यांचे उपकार फिटायचे नाहीत," ती म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं होतं.

पहिली काही वर्षं त्याने कारभार चांगला केला. खरं ते सांगायलाच हवं. पडलेलं कूस बांधलं, वेशीवर पहारा बसवला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की गाव त्याच्या कामाकडे फारसं बघतच नाही, बघतं ते त्याच्या हाताकडे. कुणी काही विचारलं की तो तीन बोटांचा हात वर करायचा, आणि विचारणाऱ्याला सगळे मिळून खाली बसवायचे.

मग राखणीचं म्हणून घरटी एक कोकरू त्याच्या गोठ्यात जाऊ लागलं. विहिरीकडच्या आळीतले लोक कुरकुरले, "अहो, लांडगा तरी वर्षाकाठी दोन-चारच न्यायचा!" वेशीकडच्या आळीतले म्हणाले, "कोकरू गेलं तर जाऊ दे, लेकरू तर राहिलं!" झालं. गावाचे दोन तट पडले. वेशीकडचा बाप तर मुलगाही वेशीकडचाच. पाळण्यातल्या पोरालासुद्धा मुठीची तीन बोटं करून दाखवायला शिकवू लागले.

एका वर्षी तळी एकदा वर गेली आणि कारभारी म्हणाला, "थांबा. खाली ठेवू नका. तळी म्हणजे गावाचं कपाळ. कपाळ कुणी मातीला लावतं का? तळी खाली आली की लांडगा आत आलाच म्हणून समजा." लोकांना ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. त्या वर्षापासून तळी वर गेली की तशीच चावडीतल्या शिंक्यात जाऊ लागली. विचारायची वेळच राहिली नाही. देवळातला म्हातारा पुजारी तेवढा म्हणाला, "अरे, उचलणं अर्धं, ठेवणं अर्धं." त्याला लोक म्हणाले, "आजोबा, तुम्ही बसा."

हा सोहळा पूर्वी सकाळी व्हायचा. कारभाऱ्याने तो दिवेलागणीवर आणला. त्या वेळी रानात लांडगे ओरडायला लागतात आणि माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात, म्हणून.

आणि मग बोलका लांडगा आला. म्हणजे लांडगा आला नाही, त्याची नुसती वार्ता आली. कारभाऱ्याने चावडीवर सांगितलं, "खिंडीतले लांडगे आता माणसाचा आवाज काढायला शिकलेत. दिवस मावळला की वेस बंद. मग बाहेरून सख्ख्या भावाने हाक मारली तरी उघडायचं नाही. तो भाऊ नव्हे, लांडगा." असा लांडगा कुणी पाहिला नव्हता. न पाहिलेल्याची भीती जास्त वाटते, तशी ती वाटली.

गावात एक विणकर होता. भला माणूस, पण बोलताना 'क' आला की अडखळायचा. एका संध्याकाळी त्याला बाजाराहून परतायला उशीर झाला. अडसर पडला होता. बाहेरून हाक आली, "का... का... कारभारी, मी आहे. क... क... कवाड उघडा." त्याची बायको धावत वेशीशी आली. तिला चार जणांनी धरून ठेवलं. वेशीकडची सगळी आळी जमली होती आणि जो तो अडसराकडे बघत उभा होता. हाक बराच वेळ येत होती. नंतर वेगळे आवाज आले आणि मग तेही थांबले.

सकाळी वेस उघडली तेव्हा बाहेर एक वहाण पडली होती आणि सुताच्या लडी विस्कटल्या होत्या. कारभारी म्हणाला, "विणकराला लांडग्यांनी खिंडीतच खाल्लं असणार, आणि मग त्याचा आवाज घेऊन ते इथे आले."

त्या दिवशी पाणवठ्यावर विणकरीण सगळ्यांना विचारत सुटली, "अगं, ते अडखळत होते. तुम्ही ऐकलंत ना? लांडगा अडखळेल का गं?" बाया खाली बघून दोर ओढत राहिल्या. तेव्हा कुंभारीण पुढे झाली आणि ठसक्यात म्हणाली, "लांडगा लबाड असतो बाई. अडखळणंसुद्धा शिकला." बायांना हायसं वाटलं. एक-दोघी हसल्यादेखील. विणकरणीने भरलेली घागर तिथेच उपडी केली आणि रिकामी घेऊन ती घरी गेली. त्या दिवसापासून कुंभारणीच्या मडक्यातलं पाणी तिने तोंडाला लावलं नाही.

पुढच्या साली पुन्हा सुगी आली. एव्हाना तानी मोठी झाली होती, लग्न होऊन ती खिंडीपलीकडच्या गावी नांदायला गेली होती. तिला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती त्याच सुमारास यायची होती. कुंभारणीने खोली सारवून ठेवली होती, डिंकाचे लाडू करून ठेवले होते.

तळीचा दिवस उजाडला, कलला, दिवेलागण झाली. वेस बंद झाली, अडसर पडला. चावडीपुढे सगळं गाव उभं होतं. तळीला पाच हात लागले, पहिला मान नेहमीप्रमाणे कुंभारणीचा. हलगी वाजू लागली, तळी कपाळापर्यंत गेली, आणि गजराला तोंड फुटणार एवढ्यात वेशीबाहेरून हाक आली.

"आये! ए आये! दार उघड, मी तानी!"

हलगी थांबली. कुंभारणीची मान वेशीकडे वळली. हात मात्र तळीलाच होता.

"आये, गाडीवान खिंडीतूनच मागं फिरला. म्हणाला, तुमच्या गावात दिवस बुडाल्यावर कुणाला घेत न्हाईत. मी चालत आले गं. मागं काहीतरी हाय. बिगी बिगी उघड!"

कारभारी शांतपणे म्हणाला, "ऐकलंत? आज तळीचा दिवस, म्हणून आलाय. हात काढू नका. तळी पडली तर गाव पडलं."

कुंभारणीने बाकीच्या चौघांकडे बघितलं. वर्षानुवर्षांचे शेजारी. त्यांनी तानीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. चौघांच्याही चेहऱ्यावर घाम होता आणि एकही जण तिच्याकडे बघत नव्हता. आणि तेव्हा, तळीखाली हात धरून उभ्या असलेल्या त्या बाईला एक गोष्ट कळली, जी तिला लांडग्याहून भयंकर वाटली. ही माणसं मनातल्या मनात देवाला विनवत होती, की बाहेर लांडगाच असू दे. कारण बाहेर तानी असली, तर त्या संध्याकाळी बाहेर विणकर होता. आणि तो विणकर असला, तर आपण सगळे कोण?

हे तिला कळलं, कारण क्षणभर तीही तेच विनवत होती.

"आये!" बाहेरून किंकाळी आली. त्या पाठोपाठ, अगदी दाराशी, गुरगुर ऐकू आली.

कुंभारणीने हात काढला. तळी कलली. चौघांनी सावरायला बघितलं, पण ती सुटली ती दणकन दगडावर आदळली. भंडारा उधळला, खोबऱ्याच्या वाट्या लोकांच्या पायांत गेल्या. गावाच्या तोंडून "अगं बाई!" असा एकच आवाज निघाला, आणि लोक असे मागे सरले की जणू लांडगा तीच होती.

ती वेशीकडे धावली. अडसराला खांदा दिला. तो हलेना. "अरे, कुणी तरी या रे!" ती ओरडली. "पाया पडते, कुणी तरी हात लावा!" वेशीकडच्या आळीतलं कुणी आलं नाही. विहिरीकडचेही आले नाहीत. ते एरवी कारभाऱ्याला शिव्या द्यायचे, पण बोलक्या लांडग्याला तेही भीतच होते.

मग अडसराच्या दुसऱ्या टोकाला दोन हात लागले. विणकरीण होती. ती कुंभारणीकडे न बघता म्हणाली, "उचल."

अडसर निघाला. दार उघडलं. तानी आत येऊन पडली ती आईच्या पायांवरच. मागे अंधारात दोन डोळे चमकले. विणकरणीने वेशीच्या भिंतीत खोचलेला पलिता ओढला आणि बाहेर फेकला. डोळे मागे सरले, झुडपं हलली आणि रान गप्प झालं.

आता गाव धावत येऊन पोरीला उचलेल, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं झालं नाही. कारभारी जागचा न हलता म्हणाला, "लांब राहा. ही तानीच आहे कशावरून?"

आणि लोक खरोखर लांब राहिले. शेजारची काकी, जिने तानीला न्हाऊमाखू घातलं होतं, ती दिवा घेऊन हात लांब करून पुढे आली. "दात दाखव गं," ती म्हणाली. पोटुशी, धुळीने माखलेली ती पोर आपल्याच गावात, आपल्याच माणसांपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने रडत रडत तोंड उघडून दात दाखवले.

"दात लपवता येतात," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

कुंभारणीला ते सहन झालं नाही. तिने लेकीच्या खांद्यावरून पदर बाजूला केला, चोळीची बाही खाली ओढली आणि तिला कारभाऱ्यासमोर नेलं. "हिला लांडग्याच्या तोंडातून तुम्हीच ओढून काढलंत, कारभारी. तुमचाच पुरावा हाय हा. बघा, आणि सांगा गावाला."

खांद्यावर अर्धगोल व्रण होता. कारभाऱ्याने तो बघितला. त्याचा तीन बोटांचा हात आपोआप पुढे झाला आणि व्रणापाशी येऊन थांबला. त्याचा चेहरा म्हाताऱ्याचा झाला. खोटं बोलावं की खरं, ते त्यालाही त्या क्षणी सुचेना. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "पोरी, तू आत्ताच कशाला आलीस गं?"

ते सगळ्यांनी ऐकलं.

मग विणकरीण पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "ही तानी, तर मग माझा कोण होता?"

कुंभारीण खाली मान घालून म्हणाली, "तुझा धनीच होता. पहिल्या 'का'लाच मी ओळखलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"यांनी माझी लेक वाचवली होती गं. यांना खोटं कसं पाडू? आणि एकदा गप्प बसले, मग गप्पच बसावं लागलं. पाणवठ्यावर तुला बोलले ते तुला नव्हतं, माझ्या मनालाच सांगत होते."

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. तळीला हात लावलेल्या चौघांपैकी एक जण मटकन खाली बसला. "मीही ओळखलं होतं," तो म्हणाला. मग आणखी कुणी म्हणालं. काहींनी म्हटलं नाही, नुसतं तोंड फिरवलं. ऐकलं सगळ्यांनीच होतं. गावात बहिरं कुणीच नव्हतं.

म्हातारा पुजारी काठी टेकत पुढे आला. त्याने उपडी पडलेली तळी सरळ केली आणि जमिनीवरच ठेवली. "आज कितीक वर्षांनी तळी खाली आहे," तो म्हणाला. "वेसही उघडी आहे. लांडगा काही आत आलेला दिसत नाही. विचारायचं असेल त्याने विचारा."

विणकरीण तळीशी उभी राहिली. "वाट राखलीस का?"

कारभाऱ्याने सवयीने हात वर केला. तीन बोटं पलित्याच्या उजेडात दिसली. कुणी गजर केला नाही. हात काही वेळ वर राहिला आणि मग खाली आला.

तळी तिथेच राहिली. उचलायला पुढे आले तेही होते बरं का, नाही असं नाही. वेशीकडच्या आळीतले चौघे आले, तळीला हात लावून उभे राहिले आणि पाचव्याची वाट बघत राहिले. पाचवा आला नाही. मग एकेक हात निघाला.

गोष्टीत इथे सगळं गोड व्हायला हवं, पण मला सांगितली तशी सांगतो. वेशीकडच्या आळीत काही घरं अशी राहिली, की त्यांच्या मते त्या संध्याकाळी आत आली ती तानी नव्हतीच. तिला मुलगा झाला तेव्हा त्यांनी बारशाचं आवतण घेतलं नाही. बाळ रडलं की ते खिडक्या लावून घेत. आपण चुकलो, यापेक्षा शेजारी लांडगा राहतो, हे त्यांना सोपं वाटलं.

वेस मात्र बदलली. दिवस मावळल्यावर बाहेरून हाक आली की आतून "कोण?" म्हणून विचारायचं, नाव ऐकायचं, पलिता घ्यायचा आणि दार उघडायचं, अशी रीत पडली. अडसर टाकायचं-काढायचं काम दोन बायांनी मागून घेतलं, एक कुंभारीण आणि दुसरी विणकरीण. एकटीला तो उचलत नव्हता, म्हणून रोज दिवेलागणीला त्या दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. विणकरीण तिच्याशी 'उचल' आणि 'ठेव' यापलीकडे कधी बोलली नाही. कुंभारीण रोज नव्या मडक्यात पाणी भरून वेशीशी ठेवायची. ते पाणी वाटसरू प्यायचे. विणकरीण ते कधीच प्यायली नाही, आणि कुंभारणीने तिला कधी 'पी' म्हटलं नाही.

ज्याने मला ही गोष्ट सांगितली, तो त्या तानीच्या मुलाचा नातू की पणतू होता म्हणे. सांगून झाल्यावर त्याने गाठीशी बांधून दिलेलं तात्पर्य असं: उपकार करणाऱ्याची तळी जरूर उचलावी, पण ती खाली ठेवून जाब विचारायचा आपला हक्क त्याला देऊ नये, कारण लांडगा एकेकाला खातो, आणि 'आपण चुकलो' हे म्हणायची भीती सबंध गाव खाते.